भरलेल्या सायकलीचा आधार

आमच्या घरीं तीन पिढ्या एका छपराखालीं नांदतात आणि अंगणांत चार सायकली उभ्या असतात. ‘उभ्या असतात’ हे शब्द मीं तोलून लिहिले आहेत. कारण २०२४ च्या श्रावणांत त्यांतील एक सायकल ऐन वेळीं उभी राहिली नाहीं, आणि तिच्यापायीं माझें डावें मनगट सहा आठवडे प्लॅस्टरमध्यें अडकून पडलें. घरांतील वडीलधाऱ्यांनीं एकमतानें निकाल दिला कीं, साठी उलटलेल्या माणसानें ओझें लादून सायकलीनें गांवोगांव हिंडणें आतां पुरे झालें. निकाल मायेपोटीं दिलेला होता, म्हणून त्यावर वाद घालवेना. पण तो मला पटलाहि नव्हता. दोष माझ्या वयाचा कीं सायकलीच्या आधाराचा, याचा विचार करावयास सक्तीची सुटी मिळाली. त्या विचाराचें फळ वाचकांपुढें ठेवीत आहें. ज्यांच्या घरांतील कोणी तरुण वा वृद्ध सायकलीनें लांबचा प्रवास करूं इच्छितो, त्यांस त्याचा कांहीं उपयोग व्हावा.

प्रसंग असा घडला. सेवानिवृत्तीनंतर नगराहून नेवाशास व पुढें पैठणास सायकलीनें जावें, असें फार दिवस मनांत होतें. आमच्या शहराचें व जिल्ह्याचें नांव आतां अहिल्यानगर झालें आहे. परंतु आमच्या पिढीच्या जिभेवरून ‘नगर’ उतरावयास वेळ लागेल. नोकरीच्या दिवसांतील माझी काळी, अवजड सायकल केव्हांच मोडींत गेली होती. पुतण्यानें हौसेनें गिअरची सायकल घेऊन दिली. तिला स्टँड नव्हता. दुकानांत जो पहिला हातीं आला तो मीं बसवून घेतला. पॅडलांच्या मागें, खालच्या दोन नळ्यांमध्यें आवळलेला, एका पायाचा तो स्टँड होता. कॅरिअरच्या दोहों बाजूंस पिशव्या अडकविल्या. त्यांत अंथरूण, कपडे, शिधा, पाणी, आणि पैठणच्या एका स्नेह्यास द्यावयाचे संस्कृत कोशाचे दोन जाड खंड. सायकल सोळा किलो, ओझें चोवीस किलो, एकूण चाळीस.

इमामपूरचा घाट व पांढरीचा पूल मागें टाकून घोडेगांवच्या अलीकडे चहासाठीं थांबलों. रात्रीं पाऊस पडून गेला होता. सायकल डांबराच्या कडेस, शेताच्या बांधाला लागून उभी केली आणि चहाचा पेला हातीं घेतला. दोन मिनिटांत पाहतों तों सायकल जणूं पेंग आल्यासारखी हळूहळू डावीकडे कलत होती. मी पेला टाकून धांवलों, हँडल धरलें, आणि चाळीस किलोंसह खालीं आलों. कोशाचे खंड चिखलांत, त्यांवर सायकल, आणि सायकलीखालीं माझा हात.

येथें पहिली शिकवण सांगून टाकतों. पडणारी भरलेली सायकल धरावयास धांवूं नये. सायकल पडली तर फार तर ब्रेकचा दांडा वांकतो. तो सरळ करणारा कारागीर कोणत्याहि गांवीं मिळतो. मनगट सरळ करणारा इतक्या सहज मिळत नाहीं.

आतां ती पडली कां, तें पाहूं. सायकलीचीं दोन चाकें व स्टँडचा पाय हे जमिनीवरील तीन बिंदु जोडले कीं एक त्रिकोण होतो. सायकल व ओझें यांच्या गुरुत्वमध्यापासून सोडलेला ओळंबा त्या त्रिकोणाच्या आंत पडतो तोंवर सायकल उभी राहते. माझ्या सायकलीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून सुमारें ६० सेंटिमीटर उंच धरला, व ती स्टँडवर १० अंश कलते असें मोजलें, तर ओळंबा चाकांच्या रेषेपासून साडेदहा सेंटिमीटर डावीकडे पडतो. स्टँडचा पाय त्या रेषेपासून ३० सेंटिमीटर दूर. ढोबळ हिशेबानें एकूण वजनाचा तिसरा हिस्सा, म्हणजे १४ किलो, त्या एकट्या पायावर येतो. आणि त्या पायाचें टोंक अवघें सहा चौरस सेंटिमीटर!

डांबरावर किंवा मुरुमावर हा भार कांहींच नव्हे. पण आमच्याकडील काळी जमीन पाणी पितांच फुगून लोण्यासारखी मऊ होते. तींत पाय तीन सेंटिमीटर रुतला कीं सायकलीचा कल १६ अंशांच्या घरांत जातो, ओळंबा साडेसोळा सेंटिमीटरांवर सरकतो, आणि पायावरील भार १४ किलोंवरून २२ किलोंवर चढतो. भार वाढला कीं पाय आणखी रुतावयाचा, आणि रुतला कीं भार आणखी वाढावयाचा. सावकाराच्या चक्रवाढ व्याजासारखाच हा प्रकार आहे.

संस्कृत व्याकरण शिकविणाऱ्यास येथें हंसूं आल्यावांचून राहत नाहीं. पाणिनीनें अधिकरण कारकाची व्याख्या ‘आधार’ या शब्दानेंच केली आहे, आणि पुढील वैयाकरणांनीं त्या आधाराचे प्रकार पाडले. चटईवर माणूस बसतो तो संपर्कापुरता आधार, म्हणजे औपश्लेषिक. तिळांत तेल सर्वत्र भरून असतें तो अभिव्यापक. माझा स्टँड घोडेगांवच्या भूमीवर औपश्लेषिक म्हणून टेकला आणि दोन मिनिटांत अभिव्यापक झाला!

आधाराचे प्रकार

सायकलीचा आधार निवडतांना दुकानदाराच्या फळीवर काय आहे तें न पाहतां आपलें ओझें किती, तें कोठें, आणि आपली जमीन कशी, एवढें आधीं पाहावें. बाजारांत व व्यवहारांत मुख्यत्वें चार प्रकार दिसतात.

पहिला आपल्या परिचयाचा डबल स्टँड. काळ्या सायकलीच्या मागील चाकाच्या आंसाला धरून बसणारी ही लोखंडी कमान होय. पायानें खालीं दाबावी, कॅरिअर धरून सायकल मागें ओढावी, कीं मागचें चाक अधांतरीं व सायकल ताठ उभी. दोहों बाजूंस दुधाचे कॅन लटकवून गल्लोगल्लीं फिरणारे गवळी पिढ्यान्‌पिढ्या याच स्टँडवर विसंबले आहेत. एक कॅन काढला व दुसरा तसाच राहिला, तरी सायकल ढळत नाहीं. भार दोन पायांवर वांटला जातो, म्हणून रुतणेंहि कमी. याची अडचण दुहेरी आहे. भरलेली सायकल त्यावर चढवावयास कमरेंत जोर लागतो; आणि नव्या गिअरच्या सायकलींचा आंस बहुधा दांड्यानें झटकन् सुटणारा असल्यामुळें ही कमान तिथें बसतच नाहीं.

दुसरा एका पायाचा, पॅडलांच्या मागें बसणारा. रिकाम्या सायकलीस तो पुरतो. भरलेलीस मात्र तो दोन कारणांनीं वाईट. ओझें मागील चाकावर व आधार मध्यावर, असें अंतर पडतें. शिवाय तो घट्ट राहावा म्हणून बोल्ट जोरानें आवळला तर पातळ नळ्या चेपतात. कार्बनच्या सांगाड्यास तर असा स्टँड कधींहि आवळूं नये. याच जातीचा, परंतु मागील त्रिकोणाच्या नळीवर, चाकाच्या आंसाजवळ बसणारा स्टँड मिळतो. तो ओझ्याच्या जवळ असल्यानें पुष्कळ बरा. कांहीं सायकलींवर त्यासाठीं ४० मिलिमीटर अंतरावर दोन भोकें कारखान्यांतूनच ठेवलेलीं असतात; तीं असल्यास नळी चेपण्याचें भयच नाहीं. पिशवीचा तळ त्यास अडत नाहीं ना, तेवढें पाहून घ्यावें.

तिसरा मध्यावर बसणारा, दोन पायांचा. खालीं घेतला कीं दोन्ही पाय फांकतात व वर केला कीं एकाच बाजूस मिटतात. सायकल सरळ उभी राहते, एक चाक जमिनीवरून उचलल्यानें पंक्चर काढणेंहि सुलभ होतें. पुढें व मागें दोन्हीकडे ओझें असेल तर हाच योग्य. परंतु वजन अर्ध्या किलोहून अधिक, किंमतहि चढी, आणि तो बसविण्याची पट्टी सायकलीवर असावी लागते.

चौथा म्हणजे सायकलीला न जोडलेला आधार, साधी टेकण-काठी. घडी घालतां येणारी, वर खोबण असलेली हलकी काठी आडव्या दांड्याखालीं टेकवितात. नळीवर ताण नाहीं, वजन नगण्य. पण हिला एक अट आहे: ब्रेक बांधलेला असलाच पाहिजे, नाहींतर चाक सरकतें व काठी निसटते.

चार युक्त्या

कोणताहि स्टँड घेतला तरी पुढील चार गोष्टींवांचून तो अपुराच. पैकीं तिहींस तर पैसाहि लागत नाहीं.

एक, जुन्या ट्यूबची दोन बोटें रुंदीची गोल चकती कापून हँडलवर ठेवावी, आणि थांबतांच ती पुढील ब्रेकच्या दांड्यावर चढवावी. ब्रेक धरलेला राहतो. सायकली बहुतेक वेळां पडतात त्या कलून नव्हे, तर पुढें सरकून स्टँडवरून उतरल्यामुळें.

दोन, पायाखालीं पत्र्याच्या डब्याचें चपटें झांकण घालावें. आठ सेंटिमीटर व्यासाच्या झांकणाचें क्षेत्रफळ पन्नास चौरस सेंटिमीटर होतें. म्हणजे जमिनीवरील दाब आठव्या हिश्शाएवढा उरतो. झांकण विसरलें तर शेताच्या बांधावर चपटा दगड आहेच.

तीन, चढावर सायकलीचें तोंड चढाकडे करावें, म्हणजे ती मागें रेलून स्टँडला अधिकच घट्ट बसविते. उताराकडे तोंड केलें कीं स्टँड मिटून जातो. स्टँडचा पाय उंचवट्याच्या बाजूस कधींहि येऊं देऊं नये. एका पायाच्या स्टँडवर ओझें चढवितांना पायाकडची पिशवी प्रथम, आणि उतरवितांना ती शेवटीं.

चार, पायाची लांबी. पुष्कळ स्टँड लांब दिलेले असतात व ते कापून घ्यावे लागतात. हें माप पुरें ओझें लादून, हवा नीट भरून घ्यावें. रिकाम्या सायकलीवर घेतलेलें माप भरलेल्या सायकलीस चालत नाहीं. ओझ्यानें टायर दबतात, पाय लांब पडतो, सायकल फार सरळ उभी राहते, आणि वाऱ्याच्या एका झोतानें ती उजवीकडे कोलमडते. आपल्या पठारावर आषाढांतील वारा कसा असतो, हें सुप्याजवळच्या पवनचक्क्या पाहिलेल्यांस सांगावयास नको.

निकालाचा फेरविचार

हें सर्व मीं वहींत मांडलें आणि पुतण्याच्या मुलास दाखविलें. तो अभियांत्रिकी शिकतो. त्यानें हिशेब तपासून पाहिला व म्हणाला, “आजोबा, तुमचं वय या समीकरणांत कुठंच येत नाहीं.” माझ्या मनगटास त्या दिवशीं बरें वाटूं लागलें. त्यानें घरांत आणखी एक गोष्ट सांगितली: १९२३ सालीं मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवरून जगप्रवासास निघाले आणि त्यांतील आदि हकीम, जाल बापासोला व रुस्तुम भूमगरा या तिघांनीं १९२८ सालीं तो पुरा केला. यावर वहिनी म्हणाल्या, “ते तरुण होते. भाऊजी नाहींत.” मुलगा गप्प बसला. वहिनींचें म्हणणें खोटें नव्हतेंच. वय समीकरणांत नसलें तरी हाडांत असतें. तरुणाचें मनगट मुरगळतें, म्हाताऱ्याचें मोडतें. म्हणूनच म्हाताऱ्यानें आधार अधिक जपून निवडावयाचा. जो स्टँड वापरावयास ओझें उचलावें लागतें तो कितीहि भक्कम असला तरी माझ्यासाठीं नव्हे, हें मीं मान्य केलें. ओझेंहि चोवीस किलोंवरून पंधरावर आणलें.

शेवटीं मागील त्रिकोणावर बसणारा एका पायाचा स्टँड घेतला, पाय मापून कापला, झांकण व ट्यूबची चकती बरोबर घेतली. आमचे थोरले बंधु दादा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. निकाल देणारे तेच. अंगणांत, पाणी घालून मुद्दाम मऊ केलेल्या मातींत, भरलेली सायकल उभी केली. दादा आले, सायकलीभोंवतीं फिरले, हातांतील काठीनें तिला एकदां डावीकडून व एकदां उजवीकडून ढकलून पाहिलें. ती हलली, पडली नाहीं. दादांनीं मला विचारलें, “आणि पडायला लागली तर?” मीं म्हटलें, “पडूं देईन.” तेव्हां ते म्हणाले, “मग जा.”

कार्तिकांत गेलों. नेवाशास प्रवरेच्या कांठीं मंदिरांत तो प्रसिद्ध पैसाचा खांब आहे. त्यास टेकून ज्ञानेश्वरांनीं शके १२१२ मध्यें, म्हणजे १२९० सालीं, ज्ञानेश्वरी सांगितली अशी परंपरा आहे. दुर्गाबाई भागवतांच्या ‘पैस’ या पुस्तकाचें नांवहि त्यावरूनच. बाहेर सायकल झांकणावर उभी करून मी आंत तासभर बसलों, आणि त्या तासांत एकदांहि उठून तिच्याकडे पाहावें लागलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं पैठणास कोशाचे खंड पोंचविले. एकाच्या कडेस घोडेगांवच्या मातीचा डाग आहे. स्नेह्यांनीं तो पुसूं दिला नाहीं.