जलाशयाचा काठ आणि समुद्राची पुळण

भोर व वेल्हे तालुक्यांतील धरणांच्या काठी अलीकडे विश्रामस्थाने, तंबूंच्या वसाहती व नौकाविहाराच्या सोयी बऱ्याच वाढल्या आहेत. (वेल्हे तालुक्याचे आता राजगड असे नामांतर झाले आहे, येथे परिचित नाव ठेविले आहे.) मोसे नदीवरील वरसगाव व आंबी नदीवरील पानशेत या जलाशयांच्या मधल्या डोंगरसोंडेस प्रवासी सहज ‘बेट’ म्हणून जातात, आणि उन्हाळ्यात उघड्या पडणाऱ्या तिच्या कडेस ‘बीच’. भूरूपशास्त्राच्या दृष्टीने हा काठ पुळण नव्हे. आणि हा भेद केवळ शब्दाचा नाही.

पुळण म्हणजे लाटांनी आणून, निवडून रचलेला वाळूचा साठा होय. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावरील क्गारी (पूर्वीचे फ्रेझर) हे बेट याचे टोकाचे उदाहरण. सुमारे १२० किलोमीटर लांबीचे हे विहारस्थान जवळजवळ सर्वस्वी वाळूचेच असून १९९२ पासून जागतिक वारसास्थळांत गणले जाते. तेथील वाळू क्वार्ट्झची आहे. दक्षिणेकडील भूमीची झीज होऊन ती किनाऱ्याच्या प्रवाहाबरोबर वर सरकत आली. आपल्याकडील बेसॉल्टमध्ये क्वार्ट्झ जवळजवळ नसते. तो खडक कुजला की मुरूम होतो व पुढे चिकणमाती.

दुसरे कारण पाण्याच्या पातळीचे. समुद्राची भरती-ओहोटी रोज ठराविक पट्ट्यात होते, म्हणून लाटांचे काम तेथेच दीर्घकाळ चालते. जलाशयाची ओहोटी वर्षातून एकदाच येते, आणि तीही माणसाने आणलेली. पानशेत व वरसगावचे पाणी खडकवासल्यामार्गे पुणे शहरास व कालव्यांस जाते. १९२८ मध्ये पूर्ण झालेल्या भाटघरचे नीरेच्या कालव्यांस. त्यामुळे पाण्याची कड सतत खाली सरकते. अरुंद खोऱ्यात वाऱ्यास लांब पल्ला मिळत नाही, लाटा दुबळ्या राहतात आणि उतारावर जुन्या पातळ्यांच्या बारीक पायऱ्या तेवढ्या उमटतात.

या पट्ट्यात जेथे उतार मंद आहे तेथे गाळ साचतो. अशा जमिनीस शेतकरी ‘गाळपेर’ म्हणतात. संपादनाने ती शासनाची झालेली असली तरी पाणी ओसरल्यावर हंगामापुरती लागवडीस देण्यात येते, व त्यात धरणग्रस्तांस अग्रक्रम असतो. ज्यांची शिवारे बुडाली त्यांच्या हाती उरलेला हा तुकडा होय. त्यास ‘बीच’ म्हटले की पीक दिसेनासे होते व मोकळी जागा दिसू लागते. तेथे भराव घालून वाळू पसरली तर पहिल्याच पावसाळ्यात ती जलाशयाच्या तळाशी जाऊन साठा कमी करणार, हेही उघड आहे.

वरसगावच्या काठी उभ्या राहिलेल्या लवासा वसाहतीचे बांधकाम थांबविण्याची नोटीस केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २०१० मध्ये काढली, तेव्हा काठाचा प्रश्न सर्वांच्या नजरेस आला. भरावाच्या लहान लहान प्रकरणांकडे मात्र अजून कोणाचे फारसे लक्ष जात नाही. नकाशावर जलाशयाची एकच रेषा असते, ती पूर्ण साठ्याची. मे महिन्यात पाण्यालगत मांडलेली खुर्ची त्या रेषेच्या पुष्कळ खाली, धरणाच्या पोटात असते. क्षेत्रपाहणीस निघणाऱ्या विद्यार्थ्यांनी प्रथम ही रेषा जमिनीवर शोधावी.