बोरिवलीचं रान (भाग ९) : टाक्यांचा डोंगर

आज बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या शिलोंड्याच्या वाटेनं जायचं ठरलं होतं. ते पुढच्या आठवड्यावर गेलं. कल्याणच्या एका वाचकांचं पत्र आलं आणि त्यातल्या एका प्रश्नानं माझी गाडी भलत्याच रुळावर नेली. ते लिहितात, 'मार्चअखेरीस कान्हेरीला गेलो होतो. खालचा ओढा ठणठणीत कोरडा. मग शंभराहून जास्त लेण्यांमध्ये राहणारे भिक्खू उन्हाळ्यात पाणी आणत कुठून?'

आणत नसत. ते उशाशीच असे.

कान्हेरीला येणारी बहुतेक मंडळी तीन नंबरचा चैत्य बघतात, व्हरांड्यातल्या उंच बुद्धमूर्तींसमोर फोटो काढतात आणि माकडांपासून खाऊची पिशवी वाचवत परत फिरतात. तुम्ही कातळातल्या पायऱ्यांनी वर जा. कुठल्याही साध्या विहारापाशी थांबा, ज्यात नक्षी नाही, मूर्ती नाही, नुसती ओसरी आणि एखादी खोली. अंगणाच्या एका बाजूला भिंतीत कोनाडा खोदलेला दिसेल आणि त्याच्या तळाशी चौकोनी तोंड. हे त्या विहाराचं टाकं. तोंडाच्या काठाला आतून खाच मारलेली असते, झाकण टेकायला. वाकून पाहिलंत तर कळतं, तोंड लहान आणि पोट ऐसपैस, थेट अंगणाखाली गेलेलं. ऊन आत जात नाही, म्हणून शेवाळ कमी; वारा लागत नाही, म्हणून पाणी उडून जाणंही कमी.

आता मान वर करा. लेण्याच्या कपाळावर कातळात पन्हळी कोरल्या आहेत. माथ्यावरून धो धो येणारं पाणी दारात कोसळू नये, बाजूला वळावं आणि वळलेलं पाणी टाक्यात उतरावं, अशी एका पन्हळीत दोन कामं. पावसाळ्यात छत्री घेऊन या पन्हळींखाली उभं राहणं हा माझा जुना छंद आहे. कित्येक पन्हळी आजही चोख चालतात. जिथं काठ झिजलाय तिथं पाणी भलतीकडेच उडी मारतं, आणि भिंतीवरचा काळा-हिरवा ओघळ त्याची चुगली करतो.

एक हिशेब मांडू. समजा, टाकं तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद, दोन मीटर खोल आहे. म्हणजे १२,००० लिटर. माणशी दिवसाला दहा लिटर धरलं, तर पावसाळा सोडून उरलेल्या आठ महिन्यांना एका भिक्खूला साधारण २,४०० लिटर लागतात. म्हणजे एका टाक्यावर पाच जणांचं भागलं. आणि ते भरायला किती कातळ हवा? या डोंगरावर वर्षाला सव्वादोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस धरा. निम्मं पाणी वाया गेलं तरी अकरा चौरस मीटर पुरे. एका खोलीएवढं छप्पर! डोंगराचा उघडा माथा त्याच्या कितीतरी पट आहे.

यातून माझं एक मत बनलं आहे. भिक्खू वर्षावासापुरते, म्हणजे पावसाळ्याचे महिने, लेण्यांत राहत आणि एरवी फिरतीवर असत, असं सर्रास सांगितलं जातं. सुरुवातीला तसं असेलही. पण पावसाळ्यापुरतंच राहायचं, तर साठवायचं कशाला? पाणी दारातच कोसळत असतं. इतक्या टाक्यांचा खटाटोप बारमाही वस्तीसाठीच कुणी करेल. कान्हेरी हा नांदता मठ होता, हे मला मूर्तींपेक्षा टाक्यांनी जास्त पटवलं.

कठीण कातळ आतून पोखरायचा म्हणजे पैसा लागणारच. तो दात्यांनी दिला आणि दान कोरूनही ठेवलं. शिलालेखांत टाक्याला 'पाणियपोढी' म्हटलंय. पत्र पाठवणाऱ्या वाचकांना आवडेल अशी गोष्ट म्हणजे एक पोढी त्यांच्याच गावच्या सोनारानं दिली आहे, कल्याणच्या सामिदत्तानं. लेणं खोदवणं सगळ्यांच्या ऐपतीतलं नव्हतं. टाकं त्या मानानं आवाक्यातलं.

पण दाते सोनारच होते असं नाही. पाच नंबरच्या लेण्यापाशी एका टाक्यावरचा लेख आहे. तो फुटका आहे, अक्षरं गळलेली आहेत, आणि तरीही सातवाहनांच्या इतिहासाचं कुठलंही पुस्तक त्याला वगळून पुढं जाऊ शकत नाही. त्यात वासिष्ठीपुत्र सातकर्णी या सातवाहन राजाच्या राणीचा उल्लेख आहे. ती कार्दमक कुळातली, 'महाक्षत्रप रु...' याची मुलगी. पुढची अक्षरं गेली आहेत, पण अभ्यासक तिथं रुद्रदामन वाचतात. टाकं दिलंय सतेरक नावाच्या अमात्यानं. म्हणजे ज्या क्षत्रपांशी सातवाहनांचं हाडवैर, त्यांच्याच घरची लेक सून म्हणून आली होती!

या सोयरिकीची दुसरी बाजू जुनागढला सापडते. तिथल्या लेखात रुद्रदामन सांगतो की दक्षिणापथाच्या सातकर्णीला आपण दोनदा हरवलं, पण जवळच्या नात्यामुळं त्याचा समूळ नाश केला नाही. हा सातकर्णी नेमका कोणता, यावर विद्वानांची भांडणं अजून मिटलेली नाहीत. त्यात आपण पडायला नको. मला मौज वाटते ती वेगळीच. जुनागढचा तो लेखही मुळात पाण्याचाच आहे. इ.स. १५० मध्ये वादळी पावसात सुदर्शन तलावाचा बांध फुटला, तो पुन्हा बांधल्याची ती हकीकत. बापाची बढाई धरणावर आणि लेकीची ओळख टाक्यावर! दोन राजघराण्यांची सोयरीक आपल्याला पाण्याच्या बांधकामांमुळं कळली.

बांधावरून आठवलं. कान्हेरीच्या दोन टेकड्यांमधून जो ओढा उतरतो, त्याच्या वरच्या अंगाला जुन्या दगडी बांधाचे अवशेष आहेत. म्हणजे टाक्यांच्या जोडीला ओढाही अडवलेला होता. हाच ओढा खाली दहिसर नदीला जाऊन मिळतो. नदीचं पुढं शहरात काय होतं, ते बोरिवली-दहिसरकरांना मी सांगायला नको. त्यावर एक अख्खा भाग लिहायचा आहे, पण डोकं शांत असेल त्या आठवड्यात.

कल्याणच्या वाचकांनी ताजा कलम टाकून तुळशी तलावातल्या मगरींबद्दलही विचारलंय. आहेत, विहार तलावातही आहेत. त्यांची पाळी शिलोंड्यानंतर. तोवर कान्हेरीला गेलात तर टाक्यातलं पाणी पिऊ नका, त्यात नाणी टाकू नका आणि सोमवारी जाऊ नका, उद्यान बंद असतं.