आवाज बसला, तुकडा कुठे गेला?

महाराष्ट्राच्या सीमेवरच्या सिरोंचाच्या जंगलात उन्हाळ्यात तेंदूपत्ता तुटतो आणि त्याचीच पुढे विडी होते. विडीचा धूर छातीत उतरतो तो स्वरयंत्रातूनच. स्वरयंत्राच्या कॅन्सरपैकी ९० टक्क्यांहून अधिक एकाच जातीचे, आतल्या अस्तराच्या चपट्या पेशींचे. डॉक्टरांच्या हाताला ते सरावाचे आहेत. घोळ होतो तो त्यांच्या दुर्मीळ प्रकारांत आणि उरलेल्या गाठींत.

चामखिळीसारखा वाढणारा ‘व्हेरुकस’ कॅन्सर घ्या. तपासणीसाठी वरवरचा तुकडा काढला तर सूक्ष्मदर्शकाखाली तो निरुपद्रवी दिसतो; खोडी मुळाशी असते. जर्मनीचा युवराज फ्रेडरिक याच्या घशातले तुकडे १८८७ मध्ये थोर विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्खो यांनी तपासले, त्यांना कॅन्सर दिसला नाही. सम्राट होऊन ९९ दिवसांत, १५ जून १८८८ रोजी फ्रेडरिक गेला. गाठ याच जातीची असावी, असे पुढे काही अभ्यासकांनी मांडले. फिर्खोंच्या नजरेत खोट नव्हती. हाती आले तेवढेच त्यांनी पाहिले.

नाव ठरले की उपचारही बदलतात. कूर्चेतला कॉन्ड्रोसार्कोमा बहुधा सावकाश वाढतो, केमोला दाद देत नाही. शस्त्रक्रिया लागते, पण अनेकदा स्वरयंत्र वाचवता येते. लिम्फोमा मात्र औषधांनी आणि किरणांच्या शेकाने बरा होऊ शकतो, तिथे स्वरयंत्र काढणे म्हणजे नाहक आवाज घालवणे. अ‍ॅडेनॉइड सिस्टिक कॅन्सर नसांच्या कडेने सरपटतो आणि कित्येक वर्षांनी फुफ्फुसात उगवतो, म्हणून ‘बरे झाले’ असे समजून तपासण्या सोडायच्या नसतात. त्यात स्वरयंत्राचा क्षयही हुबेहूब कॅन्सरसारखा दिसू शकतो. नुसत्या दुर्बिणीवर निकाल लावणे धोक्याचेच.

अशा तपासणीसाठी सिरोंचाचा माणूस नदी ओलांडून मंचेरियाल-वरंगळ गाठतो, नाहीतर नागपूर, मुंबई. प्रत्येक ठिकाणी नवा कागद, नवी तपासणी, बुडालेली मजुरी. माझ्या मते आधी प्रवास तुकड्याने करावा. मेणाच्या ठोकळ्यात बसवलेला तुकडा साध्या खोलीत वर्षानुवर्षे टिकतो आणि दुर्मीळ गाठी रोज पाहणाऱ्या टाटा मेमोरियलसारख्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत पाठवता येतो.

तेव्हा आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला राहिला, तर विडी ओढत असा वा नसा, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून स्वरयंत्र तपासून घ्या. तुकडा काढला तर अहवालासोबत काचपट्ट्या आणि तो मेणाचा ठोकळाही मागून घ्या. स्वरयंत्र काढायचे ठरले, तर त्याआधी काचपट्ट्या आणि ठोकळा दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवा.