लिंबाच्या सालीचे तेल आणि ऊन



आपल्या बोरगाव-निपाणी भागात मुख्य पिके ऊस आणि तंबाखू. परंतु परसात किंवा विहिरीजवळ लिंबाचे एखादे झाड बहुतेकांकडे असते. उन्हाळ्यात ढीगभर लिंबे पिळून लोणची, सरबते होतात. त्यानंतर एक-दोन दिवसांनी हातावर, मनगटावर तांबडे चट्टे उठतात, कधी फोडही येतात आणि पुढे काळे डाग पडतात. हे भाजले, की विषारी किडा चावला, की कोणी करणी केली, असे तर्क सुरू होतात. लेकराच्या अंगावर बोटांसारखे वळ दिसले, तर आईबापांवर मारल्याचा संशयही येतो. म्हणून यामागचे खरे कारण सर्वांना ठाऊक असावे, असे आम्हांस वाटते.

लिंबाच्या सालीतील तेलात सोरॅलेन वर्गाची काही द्रव्ये असतात. त्यांपैकी बर्गॅप्टेन हे प्रमुख होय. ही द्रव्ये अंधारात निरुपद्रवी असतात. मात्र ती कातडीवर असताना ऊन लागले, की उन्हातील डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण त्यांना जागे करतात. मग ती पेशीच्या गाभ्यातील डी.एन.ए.ला चिकटतात आणि पेशी मरते. ही ॲलर्जी नव्हे. द्रव्य आणि ऊन पुरेसे असले तर कोणासही हा त्रास होऊ शकतो. चट्टे लगेच उठत नाहीत. साधारण २४ तासांनी दिसू लागतात, दोन-तीन दिवसांत वाढतात, आणि काळा डाग काही आठवडे किंवा महिने राहतो. रस आणि ऊन यांचा संबंध लोकांच्या ध्यानात येत नाही तो या उशिरामुळेच.

सोरॅलेनचा शोध आपल्याच राज्याशी निगडित आहे. काळ्या रानात उगवणाऱ्या बावचीच्या बियांतून हे द्रव्य म्हैसूर विद्यापीठातील जोईस, मंजुनाथ आणि वेंकटराव या शास्त्रज्ञांनी १९३३ साली वेगळे केले. कोडावर बावची लावून उन्हात बसण्याचा जुना उपाय याच गुणावर उभा आहे. आज डॉक्टर या वर्गातील औषध आणि अतिनील प्रकाश दोन्ही मोजूनमापून देतात. घरी अंदाजाने बावची लावणाऱ्याची कातडी भाजते, ती माप नसल्यामुळे.

तेलात ही द्रव्ये किती, हे कसे कळते? वासावरून किंवा रंगावरून मुळीच कळत नाही. प्रयोगशाळेत तेलाचा थोडा नमुना द्रावकात विरघळवून बारीक भुकटी भरलेल्या नळीतून दाबाने सोडतात. प्रत्येक घटक आपापल्या वेळी नळीबाहेर येतो. तेथे अतिनील किरणांचा दिवा असतो; घटक जितका जास्त, तितके किरण अधिक शोषले जातात आणि कागदावर तितका मोठा उंचवटा उमटतो. ठाऊक प्रमाणाच्या शुद्ध बर्गॅप्टेनचा उंचवटा शेजारी ठेवून हिशेब करतात. दुधाचे फॅट ठरवताना जसे माप लागते, तसेच हे. या पद्धतीस एच.पी.एल.सी. म्हणतात.

तेल कसे काढले यावरही पुष्कळ अवलंबून असते. साल दाबून काढलेल्या तेलात ही द्रव्ये उतरतात. वाफेच्या भट्टीतून काढलेल्या तेलात ती जवळजवळ नसतात, कारण ती जड असून वाफेबरोबर वर चढत नाहीत. इफ्रा या सुगंध उद्योगाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, अंगावर राहणाऱ्या आणि ऊन लागणाऱ्या मालात दाबून काढलेले कागदी लिंबाचे तेल ०.७ टक्क्यापेक्षा जास्त नसावे, असे ठरविले आहे. म्हणजे १०० ग्रॅम खोबरेल तेलात ७०० मिलिग्रॅमपर्यंतच. वाफेच्या तेलावर असे बंधन नाही. धुऊन जाणाऱ्या साबणाला हा नियम लागत नाही. पण मालिशचे तेल, मलम, अत्तर यांना लागतो. हल्ली अशा वस्तू घरी करून विकणारे पुष्कळ आहेत. त्यांनी तेल विकत घेताना ते दाबून काढलेले की वाफेचे, हे विचारावे आणि तपासणीचा दाखला मागावा.

घरी पाळावयाच्या गोष्टी :

१. लिंबे पिळल्यावर साबणाने हात, मनगटे व तोंड धुऊन मगच उन्हात जावे. मुलांचेही हात धुवावेत.

२. लिंबाची साल तोंडाला चोळून शेतावर जाऊ नये.

३. चट्टे उठल्यास थंड पाण्याची घडी ठेवावी, भाग उन्हापासून झाकावा, फोड फोडू नयेत.

४. फोड मोठे असतील किंवा डोळ्याजवळ असतील, तर दवाखान्यात जावे आणि लिंबू हाताळल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.