बढती मिळाली, पगार थकला

६ एप्रिल २०२४ रोजी शिलाँगमध्ये मोहमेडन स्पोर्टिंगला आय-लीगचं विजेतेपद पक्कं करायला फक्त एक गुण हवा होता. अलेक्सिस गोमेझने पहिल्याच मिनिटाला गोल केला, शिलाँग लाजाँगने पेनल्टीवर बरोबरी साधली आणि उत्तरार्धात येव्गेनी कोझलोवने २-१ करून टाकलं. १८९१ साली स्थापन झालेल्या या कोलकात्याच्या क्लबचं हे पहिलं आय-लीग विजेतेपद. त्यासोबत इंडियन सुपर लीगचं, म्हणजे आयएसएलचं, दारही उघडलं. शहरातले दोन मोठे प्रतिस्पर्धी २०२० पासूनच आत बसले होते. मोहन बागान आयएसएलमधल्या एटीके या क्लबशी हातमिळवणी करून, ईस्ट बंगाल गुंतवणूकदार गाठून. मोहमेडन मात्र खालची लीग जिंकून वर आला.

खालून वर येणं या क्लबला नवं नाही. १९३३ साली त्याने कलकत्ता लीगची दुसरी श्रेणी जिंकली आणि १९३४ मध्ये पहिल्या श्रेणीत पाऊल ठेवताच थेट विजेतेपद पटकावलं. तोवर ही लीग एकाही भारतीय क्लबला जिंकता आली नव्हती. गोऱ्या पलटणी आणि युरोपियनांचे क्लब ती आपसात वाटून घेत. मग १९३८ पर्यंत सलग पाच वेळा मोहमेडनच. यामागे नशिबापेक्षा व्यवस्थापन जास्त होतं. कारभाऱ्यांनी कलकत्त्याबाहेरून, पार बंगळूरहून, खेळाडू गोळा केले. कलकत्त्याचा मोसम ऐन पावसाळ्यातला. अनवाणी खेळणारे देशी संघ चिखलात घसरायचे, म्हणून ओल्या मैदानावर बूट घालून खेळायची सवय यांनी लावून घेतली. १९४० मध्ये दिल्लीत ड्युरँड आणि मुंबईत रोव्हर्स, दोन्ही चषक एकाच वर्षी त्यांच्या पदरात पडले. बढती मिळालेल्या संघाने कसं वागावं, याचा धडा भारतात कुणी घालून दिला असेल तर याच क्लबने.

नव्वद वर्षांनी तोच क्लब पुन्हा वरच्या वर्गात गेला आणि २४ सामन्यांत २ विजय, ७ बरोबरी, १५ पराभव अशा हिशेबाने १३ गुण मिळवून तेरा संघांत तेरावा आला. गोल केले १२, खाल्ले ४३. त्याच मोसमात मोहन बागान ५६ गुणांसह अव्वल ठरला.

सुरुवात इतकी वाईट नव्हती. नॉर्थईस्ट युनायटेडकडून अगदी शेवटी एका गोलाने हार, मग एफसी गोवाविरुद्ध १-१. त्या सामन्यात गोमेझच्या पेनल्टीवर मोहमेडन पुढे होता. भरपाई वेळेत आर्मांदो सादिकूने बरोबरी साधून घास काढून घेतला. पाठोपाठ चेन्नईत जाऊन १-० असा पहिला विजय. तीन सामने, चार गुण. रशियन प्रशिक्षक आंद्रेई चेर्निशोव यांचा संघ तग धरेल असं तेव्हा वाटलं. ऑक्टोबरमध्ये मोहन बागानने तीन गोल चढवले आणि केरळ ब्लास्टर्सविरुद्ध संघ आघाडी घालवत असताना प्रेक्षकांतून बाटल्या भिरकावल्या गेल्या.

माझ्या मते या मोसमाचं खरं निदान ९ नोव्हेंबरच्या सामन्यात झालं. समोर ईस्ट बंगाल, लीगचे सलग सहा सामने हरून आलेला. अर्धा तास व्हायच्या आत त्यांच्या नंदकुमार आणि महेश सिंग यांना एका मिनिटाच्या अंतराने लाल कार्ड मिळालं. नऊ जणांविरुद्ध अकरा, आणि हातात तासभर. सामना ०-० सुटला! ईस्ट बंगालला मोसमातला लीगचा पहिला गुण मिळाला तो असा. समोर नऊच जण उरले की ते गोलसमोर दाटी करून उभे राहतात. अशा वेळी चेंडू भराभर या बगलेतून त्या बगलेला फिरवून फट शोधणारा आणि मिळालेली संधी न दवडणारा खेळाडू लागतो. असे खेळाडू महाग असतात. आय-लीग जिंकणाऱ्या संघाला आणखी दोन-तीन चांगले परदेशी खेळाडू घेतल्याशिवाय आयएसएल झेपत नाही, आणि त्यासाठी गल्ल्यात पैसा लागतो.

गल्ल्यावरच तर घोडं अडलं होतं. क्लबचे जुने पदाधिकारी आणि गुंतवणूकदार बंकरहिल व श्राची यांच्यात समभाग कुणाच्या नावावर कधी करायचे यावरून जुंपली आणि खेळाडूंचे पगार तुंबले. जानेवारी २०२५ म्हणूनच चमत्कारिक वाटतो. ११ तारखेला बंगळूरमध्ये मिरजलोल कासिमोवच्या शेवटच्या मिनिटांतल्या फ्री किकवर १-० असा विजय. चारच दिवसांनी चेन्नईयनविरुद्ध ०-२ अशा पिछाडीवरून भरपाई वेळेत दोन गोल करून बरोबरी. आणि हेच खेळाडू त्याच महिन्यात थकलेल्या पगारासाठी सरावावर बहिष्कार टाकतात. महिनाअखेरीस चेर्निशोवनीही थकबाकीला कंटाळून राजीनामा दिला. उरलेला गाडा हंगामी प्रशिक्षक म्हणून मेहराजुद्दीन वाडूंनी ओढला.

बढतीच मुळात अपशकुनी म्हणावी तर आदल्या वर्षी पंजाब एफसीचं तसं झालं नव्हतं. आय-लीगमधून आयएसएलमध्ये बढती मिळवणारा तो पहिला संघ. पहिल्या विजयासाठी त्याला डिसेंबर उजाडेपर्यंत थांबावं लागलं, तरी २४ गुणांसह तो आठवा आला. मालक एकच, पगार वेळच्या वेळी. हरणाऱ्या संघाला सावरायला तेवढी उसंत मिळाली.

गोवेकर वाचकांना या बढतीची किंमत वेगळी सांगायला नको. २०१६ मध्ये साळगावकर, स्पोर्टिंग क्लब द गोवा आणि धेंपो आय-लीगमधून बाहेर पडले, कारण तेव्हाच्या आराखड्यात वर जायला जिनाच नव्हता. आता जिना आहे, तर २०२४-२५ चं आय-लीग विजेतेपद गोव्याच्याच चर्चिल ब्रदर्सचं की इंटर काशीचं, हा तंटा थेट लोझानच्या क्रीडा लवादापर्यंत गेला आणि जुलै २०२५ मध्ये निकाल काशीच्या बाजूने लागला.

मोहमेडनवर मात्र खाली जायची पाळी आली नाही, कारण आयएसएलमधून संघ उतरवायचा नियम अजून अमलातच आलेला नव्हता. हे मला क्लबचं सुदैव वाटत नाही. पदावनतीची टांगती तलवार असती तर समभागांचा घोळ मोसमाआधी मिटवणं भाग पडलं असतं. पुढे थकबाकीपायी फिफाने नवे खेळाडू घ्यायला बंदी घातली. जुलै २०२५ मध्ये ड्युरँड चषकात हा संघ उतरला तेव्हा समोर होता डायमंड हार्बर, अवघ्या तीन वर्षांचा बंगाली क्लब, नुकताच आय-लीगमध्ये बढती मिळवून आलेला. ड्युरँडमधला आपला पहिलाच सामना त्याने २-१ असा जिंकला आणि पुढे अंतिम फेरीही गाठली.