संचार भवनाचे खरे तंत्रज्ञान

२४ ऑक्टोबर २०१९ रोजी दिल्लीतील तमाम मराठी मंडळींचे डोळे मुंबईकडे लागले होते. महाराष्ट्र विधानसभेची मतमोजणी सुरू होती आणि मुख्यमंत्री कोण, या प्रश्नावर राजधानीतील प्रत्येक मराठी अड्ड्यावर पैजा लागल्या होत्या. त्याच दिवशी टिळक मार्गावरील सर्वोच्च न्यायालयात आणखी एक निकाल लागला. दूरसंचार कंपन्यांच्या ‘समायोजित एकूण महसुला’त काय काय धरायचे, या वर्षानुवर्षे रेंगाळलेल्या वादात न्यायालयाने सरकारची बाजू उचलून धरली. विधानसभेच्या निकालाचे पुढे काय झाले, ते सर्वज्ञात आहे. महिनाभरातच त्याचा अर्थ पार बदलून गेला. दुसऱ्या निकालाची फारशी चर्चा झाली नाही. पण गावाकडे फोन लावणाऱ्या प्रत्येक माणसाच्या खिशाशी त्याचा संबंध आजही आहे.

तंत्रज्ञान भल्याभल्यांना बदलून टाकते, असे म्हणतात. अशोक रोडवरील संचार भवनाने हे विधान खोटे ठरवले आहे. ३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसूंनी कोलकात्यातून केलेला देशातील पहिला मोबाइल फोन याच इमारतीत सुखराम यांनी घेतला. त्यानंतर आवाजाची जागा चित्रांनी घेतली, तारांची जागा उपग्रहांनी. काँग्रेस, संयुक्त आघाडी, भाजप, पुन्हा काँग्रेस, पुन्हा भाजप असे सत्तेचे रंगही बदलले. बदलली नाही ती फाइल. परवाना कोणाला, किती रुपयांना, कोणत्या दिवशी आणि कोणत्या शब्दांत द्यायचा, हेच या खात्याचे खरे तंत्रज्ञान आहे. त्यात मात्र देशाने केव्हाच स्वयंपूर्णता मिळवली आहे.

पहिला अध्याय सुखराम यांचाच. १९९५ च्या हिवाळी अधिवेशनात दूरसंचार निविदांवरून भाजपसह विरोधकांनी संसद बंद पाडली. १९९६ च्या ऑगस्टमध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाच्या छाप्यांत सुखराम यांच्या घरांतून साडेतीन कोटींहून अधिक रोकड सापडली. मोबाइलवरील बोलणे तेव्हा मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत जाई. म्हणजे त्या काळी फोनवर बोलणे परवडणारा माणूस आणि घरात एवढी रोकड ठेवणारा माणूस हे दोघेही दुर्मीळच. अवघ्या दोन वर्षांत, १९९८ मध्ये, संसद बंद पाडणाऱ्या पक्षानेच हिमाचल प्रदेशात सुखराम यांच्या नव्या पक्षाशी हातमिळवणी करून सरकार बनवले. नैतिकतेलाही ‘रोमिंग’ची सोय असते, हे त्या वेळी प्रथमच ध्यानात आले.

खरी गंमत त्यापुढची. कंपन्यांनी उत्साहाच्या भरात अवाच्या सवा बोली लावल्या होत्या. पैसे भरण्याची वेळ आली तेव्हा त्या रडकुंडीला आल्या. तत्कालीन मंत्री जगमोहन सवलत द्यायला तयार नव्हते. १९९९ च्या जूनमध्ये त्यांच्याकडील खातेच काढून घेण्यात आले. मग नव्या दूरसंचार धोरणाच्या आधारे ठरलेल्या रकमेऐवजी महसुलातील वाटा सरकारला देण्याची सवलत कंपन्यांना मिळाली. हा निर्णय चुकीचा होता, असे म्हणता येणार नाही. मोबाइल सामान्यांच्या हाती आला तो त्यामुळेच. मात्र महसूल म्हणजे नेमके काय, याचे उत्तर करारातील एका व्याख्येवर सोपवले गेले. बँकेतील व्याज, लाभांश, भंगाराच्या विक्रीतून आलेले पैसे, हे सारे दूरध्वनीचे उत्पन्न मानायचे की नाही, यावर पुढे दीड दशकाहून अधिक काळ कज्जेदलाली झाली. २०१९ च्या निकालाचे बीज १९९९ च्या त्या कृपाप्रसादात होते.

या इतिहासात मराठी नावेही आहेत. अंबाजोगाईचे प्रमोद महाजन १९९९ मध्ये नव्याने स्थापन झालेल्या माहिती तंत्रज्ञान खात्याचे मंत्री झाले आणि २००१ च्या सप्टेंबरपासून दूरसंचारही त्यांच्याकडे आले. माहिती तंत्रज्ञान आणि सौंदर्यस्पर्धा या दोन क्षेत्रांत भारत पुढे गेला, कारण तेथे सरकारने लक्ष घातले नाही, असा विनोद त्यांच्या नावावर सांगितला जातो. विनोद उत्तम होता. अडचण एवढीच, की तो ज्या क्षेत्राबद्दल होता त्याचेच ते मंत्री होते. त्यांच्याच काळात ‘मर्यादित फिरती’ सेवेचा वाद पेटला. ज्या कंपन्यांकडे स्थिर दूरध्वनीचा स्वस्त परवाना होता, त्यांचे फोन फिरू लागले. मोबाइलचा महागडा परवाना घेतलेल्यांनी आकांडतांडव केले. ‘मर्यादित’ आणि ‘फिरती’ हे दोन शब्द एकत्र नांदू शकतात, हा शोध जगाला संचार भवनाने दिला. विदेश संचार निगमच्या खासगीकरणानंतर टाटांनी त्या कंपनीचा पैसा समूहातील दुसऱ्या कंपनीत गुंतवण्याचे ठरवताच महाजन आणि निर्गुंतवणूक मंत्री अरुण शौरी यांच्यात उघड जुंपली. २००३ च्या जानेवारीत महाजनांचे मंत्रिपद गेले आणि दूरसंचार खाते शौरींकडेच आले. त्यांनी वर्षअखेरीस एकीकृत परवान्याचा तोडगा काढला आणि काल जे नियमबाह्य म्हणून भांडले जात होते, ते दंड भरून नियमात बसले.

महाजनांनंतर गुरुदास कामत, मिलिंद देवरा आणि अकोल्याचे संजय धोत्रे या महाराष्ट्राच्या नेत्यांना हे खाते मिळाले, पण राज्यमंत्री म्हणून. संचार भवनातील राज्यमंत्री म्हणजे लग्नातील करवला. मिरवायचे सगळीकडे, पण मुहूर्त कोणी त्याला विचारून काढत नाही. २०२४ च्या जूनमध्ये ज्योतिरादित्य शिंदे यांच्या रूपाने शिंदेशाहीच ग्वाल्हेरमार्गे कॅबिनेट मंत्री म्हणून या इमारतीत दाखल झाली. दिल्लीकर मराठी माणसाला त्याचा आनंद व्हावा की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे.

ए. राजा यांचा अध्याय पाठ नाही असा वाचक विरळा. १० जानेवारी २००८ रोजी दुपारी घोषणा झाली आणि तासाभराच्या आत इरादापत्रांसाठी झुंबड उडाली. देशभराच्या परवान्याची किंमत होती १,६५८ कोटी रुपये, म्हणजे २००१ मधली. एकूण १२२ परवाने वाटले गेले. दिल्ली परिसरात सदनिका बांधणाऱ्या युनिटेकच्या समूहालाही ते मिळाले आणि नॉर्वेच्या टेलिनॉरने त्या दूरसंचार व्यवसायातील दोन तृतीयांश वाटा सहा हजार कोटींच्या घरात घेण्याचे ठरवले. गुरगाव, नोएडात युनिटेकच्या घरासाठी पैसे भरून बसलेल्यांना मात्र ताबा मिळेना. अखेर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या कंपनीचा कारभार सरकारनियुक्त संचालकांच्या हाती दिला. घर नाही पण मनोरा आहे, अशी ही प्रगती.

पुढची आकडेमोडही मनोरंजक ठरली. महालेखापरीक्षकांनी नोव्हेंबर २०१० मध्ये वेगवेगळे अंदाज मांडले. त्यातील सर्वांत मोठा, १ लाख ७६ हजार कोटींचा, लोकांच्या तोंडी बसला. कपिल सिब्बल यांनी २०११ च्या जानेवारीत तोटा शून्य असल्याचे सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने २ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्व १२२ परवाने रद्द केले. आणि २१ डिसेंबर २०१७ रोजी पतियाळा हाउसमधील विशेष न्यायालयाने राजा यांच्यासह सर्व आरोपींना निर्दोष सोडले. म्हणजे परवाने बेकायदा ठरले, परंतु फौजदारी न्यायालयात कोणाचाही गुन्हा सिद्ध झाला नाही. एका सरकारचा बळी घेणाऱ्या प्रकरणाचा असा निकाल लागल्यावर आरोप करणाऱ्यांनी खुलासा करावा, अशी अपेक्षा होती. पण निवडणूक तोवर जिंकून झाली होती.

या साऱ्यात लिलाव हेच सत्य, असा नवा धर्म रूढ झाला. त्याचा पहिला बळी खासगी कंपनी नव्हती. दिल्ली आणि मुंबई या दोनच शहरांसाठी १९८६ मध्ये स्थापन झालेले महानगर टेलिफोन निगम हे राजधानीतील मराठी कुटुंबांच्या विशेष जिव्हाळ्याचे. रात्री दर उतरल्यावर एसटीडीवर गाव गाठायचे ते याच निगमाच्या तारेवरून. २०१० च्या लिलावात स्पेक्ट्रमची जी किंमत ठरेल ती सरकारी कंपन्यांनीही भरावी, असे फर्मान निघाले. देशातील सर्वांत महाग शहरे ही दोनच, आणि निगमाकडे होती तीही ही दोनच. सुमारे ११ हजार कोटी रुपये मोजावे लागले. मालक सरकार, विक्रेता सरकार, ग्राहकही सरकारचीच कंपनी. तरी कर्ज मात्र बँकांचे. दोनच वर्षांनी, २०१२ च्या नोव्हेंबरमधील लिलावात दिल्ली आणि मुंबईसाठी एकही बोली आली नाही. निगमाचे कर्ज पुढे तीस हजार कोटींपलीकडे गेले. २३ ऑक्टोबर २०१९ रोजी, म्हणजे न्यायालयाच्या निकालाच्या आदल्याच दिवशी, मंत्रिमंडळाने सुमारे ६९ हजार कोटींची पुनरुज्जीवन योजना जाहीर केली. तिच्यातील स्वेच्छानिवृत्तीने महानगर निगमचे १४ हजारांहून अधिक आणि भारत संचार निगमचे ७८ हजारांहून अधिक कर्मचारी घरी गेले. विलीनीकरणाचे आश्वासन कागदावरच राहिले. भारत संचार निगमचे स्वदेशी फोर-जी देशभर सुरू झाले ते सप्टेंबर २०२५ मध्ये, खासगी कंपन्यांनी फाइव्ह-जी आणून तीन वर्षे होत आली तेव्हा. वरातीमागून घोडे निघाले खरे, पण घोडे स्वदेशी होते.

न्यायालयीन विजयानंतर दूरसंचार खात्याला इतका हुरूप आला, की त्याने सरकारच्याच ‘गेल’कडे दीड लाख कोटींहून अधिक रकमेची मागणी केली. वायुवाहिनी टाकणाऱ्या कंपनीकडे दूरसंचाराचा एक परवाना होता, एवढाच तिचा अपराध. सर्वोच्च न्यायालयाने कान उपटल्यावर २०२० मध्ये ती बहुतांशी मागे घेण्यात आली. व्होडाफोन-आयडियाला असे नशीब लाभले नाही. निकालानंतर कंपनीने एकाच तिमाहीत जवळपास ५१ हजार कोटींचा तोटा दाखवला. भारतीय उद्योगक्षेत्रात तोवर एवढा तोटा कोणी नोंदवला नव्हता. मग थकबाकीच्या बदल्यात भागभांडवल घेण्याची युक्ती निघाली. २०२३ मध्ये सरकारचा वाटा ३३ टक्के झाला, २०२५ मध्ये ३६,९५० कोटींच्या देण्याचे रूपांतर होऊन तो ४९ टक्क्यांच्या काठाशी आला. पन्नाशी ओलांडली असती तर कंपनी सरकारी ठरली असती, म्हणून काठाशीच थांबले.

आता या मैदानाकडे पाहावे. सरकार जमिनीचे मालक आहे, कारण स्पेक्ट्रम त्याचा. सरकार सावकार आहे, कारण थकबाकी त्याची. एका खासगी संघात ते सर्वांत मोठे भागीदार आहे, शिवाय स्वतःचे दोन संघ आहेत. पंच नेमणारेही तेच. नियामक प्राधिकरणाचे कार्यालय कित्येक वर्षे महानगर दूरसंचार भवनात होते. पंचाने खेळाडूच्या घरी बिऱ्हाड करावे, याचे कोणालाच नवल वाटले नाही. अशा सरकारला दर कमी राहावेत असे वाटेल काय? २०२४ च्या जुलैमध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी दोन दिवसांत एकापाठोपाठ दर वाढवले. दरवाढीमुळे ग्राहकाचा खिसा हलका होतो, पण परवाना शुल्क वाढते, थकबाकी वसूल होण्याची आशा वाढते आणि भागीदाराच्या समभागांनाही बरे दिवस येतात. ग्राहकाच्या बाजूने बोलण्यात ज्याचा स्वार्थ आहे असा घटक या मैदानावर उरलेलाच नाही.

एकेकाळी ही उणीव संसद भरून काढी. १९९५ चे अधिवेशन दूरसंचारावरून वाया गेले, २०१० चे हिवाळी अधिवेशन संयुक्त संसदीय समितीच्या मागणीत जवळपास संपूर्ण बुडाले. ब्रिटिशकालीन १८८५ च्या तार कायद्याची जागा घेणारे दूरसंचार विधेयक २०२३ च्या डिसेंबरमध्ये आले, तेव्हा दोन्ही सभागृहांतील विरोधी सदस्यांपैकी अनेक जण निलंबित होते. विधेयक दोन दिवसांत दोन्ही सभागृहांत संमत झाले. उपग्रह सेवेचा स्पेक्ट्रम लिलावाविना देण्याची तरतूदही त्यात आहे. तांत्रिकदृष्ट्या तिला सबळ कारणे आहेत, कारण उपग्रहाच्या लहरी अनेकांना वाटून वापरता येतात. पण ज्या पक्षाने लिलाव न करण्याला पाप ठरवून सत्ता मिळवली, त्याने किमान चर्चेचे प्रायश्चित्त तरी घ्यायला हवे होते.

त्या कायद्याने इंटरनेट बंद करण्याचा अधिकारही सरकारच्या हाती कायम ठेवला. त्याचा प्रत्यय राजधानीला डिसेंबर २०१९ मध्ये आंदोलनाच्या वेळी आणि २०२१ च्या प्रजासत्ताक दिनी सिंघू, टिकरी, गाझीपूरच्या सीमांवर आलेला आहे. २०२५ च्या नोव्हेंबरअखेरीस याच खात्याने प्रत्येक नव्या फोनमध्ये ‘संचार साथी’ हे सरकारी अॅप आधीच बसवून देण्याचा आदेश काढला. गदारोळ झाला. नको असेल तर काढून टाका, असे मंत्री म्हणाले आणि ३ डिसेंबरला सक्ती मागे घेतली गेली. चोरीचे फोन शोधण्यासाठी हे अॅप उपयोगी आहे, यात वाद नाही. वाद साथीच्या सक्तीचा होता.

या माघारीत एक धडा आहे. संसद ज्याला अडवू शकली नाही आणि नियामक ज्यावर बोलला नाही, त्याला सामान्य ग्राहकाच्या ओरडण्याने आठवड्याभरात थांबवले. १९९९ मध्ये कंपन्या रडल्या तेव्हा धोरण बदलले; २०२१ मध्ये रडल्या तेव्हा थकबाकीला चार वर्षांची मुदत मिळाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्होडाफोन-आयडियाच्या देण्याचा फेरविचार करण्याची मुभाही सरकारला दिली. ती कंपनी बुडावी असे कोणीही म्हणणार नाही. सुमारे वीस कोटी ग्राहकांचा प्रश्न आहे आणि ती गेली तर खासगी बाजारात दोनच दुकाने उरतील. परंतु सवलत दिली जाईल तेव्हा तिच्या अटी संसदेपुढे याव्यात, दरांवर नियामकाची नजर असावी आणि सरकारने भागीदार व्हायचे की पंच नेमायचे, यातले एक काही निवडावे, एवढे मागण्याचा हक्क त्या वीस कोटींना निश्चितच आहे.

मागणीचा अर्ज अशोक रोडवरच द्यावा लागेल. तेथे आवक-जावक कक्ष आजही आहे आणि पोच मिळते.