पिसांचा गळ आणि हातांची शाळा

स्कॉटलंडच्या उत्तरेला, ब्रोरा गावाजवळ, समुद्राच्या बाजूला पत्र्याच्या छपराची एक छोटी खोली होती. खिडकीपाशी टेबल, टेबलाला बसवलेला लहानसा व्हाइस, त्यात घट्ट पकडलेला काळा गळ आणि भोवती रंगीत पिसांचा पसारा. मेगन बॉइड या बाई पन्नासहून अधिक वर्षे तिथे सॅल्मन माशासाठी पिसांचे गळ बांधत होत्या. प्रिन्स चार्ल्स, म्हणजे ब्रिटनचे आजचे राजे, त्यांच्या गिऱ्हाइकांपैकी एक. १९७१ मध्ये त्यांना ‘ब्रिटिश एम्पायर मेडल’ जाहीर झाले, तेव्हा घरच्या कुत्र्याकडे बघायला कोणी नाही म्हणून त्या समारंभाला गेल्याच नाहीत. जन्मभर सॅल्मनचे गळ बांधणाऱ्या या बाईंना मासा मारणे मात्र आवडत नसे.

त्या शिकल्या कशा, हेही ऐकण्यासारखे आहे. लहान वयात एका रखवालदाराने त्यांना जुने गळ दिले. ते उसवायचे, कोणते पीस कशावर, कोणत्या क्रमाने बांधले आहे ते पाहायचे आणि तोच गळ आणखी लहान आकड्यावर पुन्हा बांधायचा, असा तो अभ्यास होता. आजही हा छंद नव्याने शिकणारे थोड्याफार फरकाने हेच करतात. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, नॉर्वे अशा देशांत एकोणिसाव्या शतकातील ‘क्लासिक सॅल्मन फ्लाय’ बांधणाऱ्या हौशी लोकांचा एक वर्गच आहे. त्यातल्या अनेकांचे गळ पाण्यात कधी जातच नाहीत. ते काचेच्या चौकटीत बसतात.

माशाला काय हवे असते?

‘फ्लाय’ म्हणजे माशी. ट्राउटसारखे नदीतले मासे पाण्यावरचे किडे खातात. त्यांना फसवण्यासाठी गळावर पिसे, केस आणि दोरा बांधून खोटा किडा तयार करतात, त्यावरून हे नाव पडले. सॅल्मनचा प्रकार वेगळा. आपल्याकडे रावसाला ‘इंडियन सॅल्मन’ म्हणतात, पण त्याचा या माशाशी जवळचा संबंध नाही. अटलांटिक सॅल्मन नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालण्यासाठी पुन्हा आपल्या नदीत परततो. गोड्या पाण्यात शिरल्यावर तो जवळपास खाणेच सोडतो. शरीरात साठवलेल्या चरबीवर आणि स्नायूंवर तो हा प्रवास पुरा करतो.

मग उपाशी असूनही न खाणारा हा मासा गळावर झडप का घालतो? राग, कुतूहल, हद्द राखण्याची प्रवृत्ती किंवा समुद्रात जडलेली शिकारीची सवय, अशी वेगवेगळी उत्तरे दिली जातात. एक गोष्ट मात्र नक्की. सॅल्मनचा गळ खऱ्या किड्यासारखा दिसण्याची गरज नाही. त्यामुळे बांधणाऱ्याला रंगांची मोकळीक मिळाली आणि व्हिक्टोरिया राणीच्या काळात त्या मोकळिकीला बहर आला. साम्राज्याच्या जहाजांतून जगभरची पिसे ब्रिटनच्या बंदरांत उतरत होती. जॉर्ज केल्सन यांच्या १८९५ मधील ‘द सॅल्मन फ्लाय’ या पुस्तकात अशा शेकडो गळांच्या कृती आहेत. स्वयंपाकाच्या पुस्तकासारख्याच: शेपटीला हे, पोटाला ते, पंखांना अमुक.

‘जॉक स्कॉट’ हा त्यातला सर्वांत प्रसिद्ध गळ. एका सरदाराच्या पदरी असलेल्या त्याच नावाच्या सेवकाने तो एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास प्रथम बांधला, असे परंपरा सांगते. त्याचे अर्धे शरीर पिवळ्या रेशमाचे, अर्धे काळ्या रेशमाचे आणि त्यावर चांदीच्या जरीचे वेढे. शेपटीला सोनेरी फेझंटच्या तुऱ्याचे पीस, गळ्याशी ठिपकेदार गिनी कोंबडी. पंखांत टर्की, माळढोकाच्या जातीतला पक्षी, मोर, बदक आणि मकाव. गालावर दक्षिण अमेरिकेतील कोटिंगा पक्ष्याचे निळे पीस. बोटाएवढ्या गळावर अर्ध्या जगातले पक्षी. असा एक गळ नीट बांधायला कित्येक तास लागतात.

पिसाची चेन

या छंदातला कस लागतो तो पंख जोडताना. लाल, निळ्या, पिवळ्या पिसांच्या चिंचोळ्या पट्ट्या कापून त्या एकमेकींना अशा जोडायच्या की एकच बहुरंगी पीस वाटावे. त्यासाठी डिंक लागत नाही, कारण सोय पिसातच असते. पिसाच्या मधल्या दांडीला दोन्ही बाजूंनी तंतू फुटतात. प्रत्येक तंतूला आणखी बारीक उपतंतू असतात आणि त्यांतल्या काहींना सूक्ष्म आकडे असतात. हे आकडे शेजारच्या तंतूच्या उपतंतूंत अडकतात. पिशवीची चेन उघडावी आणि पुन्हा लावावी, तसे पीस विस्कटते आणि बोट फिरवले की जुळते. पक्षी चोचीने पिसे साफ करतो तेव्हा हेच करत असतो. शिकणारा माणूस दोन वेगळ्या पक्ष्यांचे तंतू शेजारी ठेवून हलकेच बोट फिरवतो आणि ते धरतात. अट एवढीच, की डाव्या बाजूच्या तंतूला डाव्याच बाजूचा तंतू लागतो. उलटसुलट केले तर वळण जुळत नाही आणि पंख फाकतो.

रंगांचेही तसेच. काही पिसांतला लाल-नारिंगी रंग अन्नातून आलेल्या कॅरोटिनॉइड द्रव्यांचा असतो. कोटिंगाच्या निळ्या रंगासाठी मात्र निळे रंगद्रव्य नसतेच. तंतूंच्या आतील अतिसूक्ष्म रचनेवरून प्रकाश विखुरतो आणि डोळ्याला निळा रंग दिसतो. म्हणून तो हुबेहूब रंगवून आणणे अवघड जाते.

हात शिकतात, मेंदू बदलतो

सुरुवातीला सगळेच बिघडते. दोरा जास्त ताणला की तुटतो, सैल राहिला की पंख फिरतो. एक वेढा जादा झाला तर डोक्याशी गाठ जाड होते. या टप्प्यावर मेंदूला प्रत्येक हालचालीचा जाणीवपूर्वक विचार करावा लागतो. पुन्हा पुन्हा केल्यावर लहान मेंदू आणि मेंदूच्या तळाशी असलेली केंद्रे ही कामे अंगवळणी पाडतात. मग लक्ष दोऱ्यावरून उठते आणि रंग, प्रमाण, आकार यांच्याकडे जाते. सायकल, टंकलेखन, तबला या सगळ्यांचा रस्ता हाच. सराव रोज थोडा आणि मध्ये चांगली झोप असेल, तर शिकलेले अधिक पक्के होते.

अशा शिकण्याने प्रौढ मेंदूतही बदल होतो, हे २००४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकातील एका अभ्यासाने दाखवले. तीन महिने चेंडू झेलण्याचा खेळ शिकलेल्या प्रौढांच्या मेंदूत, हालचाल टिपणाऱ्या भागातील करडे द्रव्य वाढलेले दिसले. सराव थांबवल्यावर ती वाढ ओसरली. म्हणजे फायदा करत राहण्याचा आहे, कधीकाळी केल्याचा नाही.

उतारवयातल्या छंदांबद्दलही काही माहिती हाती आहे. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी ८५ वर्षांवरील अडीचशेहून अधिक व्यक्तींचा पाठपुरावा केला आणि २०१५ मध्ये निष्कर्ष मांडले. चित्रकला, विणकाम, लाकूडकाम अशा हस्तकला करणाऱ्यांमध्ये स्मरणशक्ती आणि विचारशक्ती किंचित घटण्याचा धोका कमी आढळला. यावरून हस्तकलेमुळेच मेंदू शाबूत राहिला, असे सिद्ध होत नाही. ज्यांचा मेंदू शाबूत आहे तेच छंद टिकवून धरतात, असेही असू शकते. तरी दिशा आशादायक आहे.

मनाचा भाग वेगळाच. काम फार सोपे नसेल आणि फार अवघडही नसेल, तर माणूस त्यात वेळेचे भान विसरतो. मिहाय चिक्सेंटमिहाय या मानसशास्त्रज्ञाने या अवस्थेला ‘फ्लो’ असे नाव दिले. गळ बांधताना चूक लगेच दिसते, उसवता येते आणि पुन्हा करता येते. डोक्यात घोळणाऱ्या काळजीला तेवढा वेळ जागा उरत नाही. २००५ मध्ये वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात जखमी सैनिकांसाठी ‘प्रोजेक्ट हीलिंग वॉटर्स’ हा उपक्रम सुरू झाला. त्यात गळाने मासेमारीबरोबर गळ बांधणेही शिकवतात. हात गमावलेला किंवा युद्धाच्या आठवणींनी झोप उडालेला माणूस तिथे पुन्हा काहीतरी स्वतःच्या हाताने पुरे करतो. हे औषधोपचाराला पर्याय नाहीत, पण सोबत म्हणून मोलाचे आहेत.

छंदाची पथ्ये

मेगन बॉइड यांच्या घरी दीर्घकाळ वीज नव्हती. वर्षानुवर्षे बारीक काम केल्यावर त्यांची नजर अधू झाली आणि शेवटी काम सोडावे लागले. वयानुसार दृष्टी कमी होण्याची कारणे अनेक असतात आणि बारीक कामाने डोळे कायमचे बिघडतात असे नाही. पण अपुऱ्या उजेडात डोळ्यांवर ताण येतो, ते कोरडे पडतात, डोके दुखते. टेबलावर भरपूर उजेड, चाळिशीनंतर योग्य चष्मा किंवा भिंग आणि दर २० मिनिटांनी काही क्षण दूर पाहणे, एवढे केले तरी पुष्कळ फरक पडतो. व्हाइस नजरेच्या जवळ, उंचावर घेतला तर मान आणि खांदे वाकत नाहीत.

गाठीवर लावायचे व्हार्निश आणि लाख यांत उडून जाणारी द्रावणे असतात, म्हणून खिडकी उघडी हवी. पिसांना कसर लागू नये म्हणून डांबराच्या गोळ्या ठेवण्याची रीत आहे. त्यांतले नॅप्थलीन श्वासातून घेणे चांगले नाही. जी-६-पीडी या विकराची कमतरता असलेल्यांच्या लाल रक्तपेशी त्याने फुटू शकतात. मुलांच्या हाती तर त्या लागूच नयेत. पिसांची धूळ दीर्घकाळ श्वासात गेल्यास काहींना फुफ्फुसांची अ‍ॅलर्जिक सूज येते. कोरडा खोकला आणि दम लागणे टिकून राहिले, तर डॉक्टरांना छंदाबद्दलही सांगावे. जुन्या, पेंढा भरलेल्या पक्ष्यांची पिसे आणखी धोक्याची असतात, कारण पूर्वी कातडे टिकवण्यासाठी त्यांना आतून आर्सेनिकचा साबण लावत.

हव्यासाची किंमत

या छंदाची एक काळी बाजू २००९ मध्ये समोर आली. लंडनच्या संगीत अकादमीत शिकणारा एक अमेरिकन तरुण बासरीवादक गळ बांधण्यात निष्णात होता. त्या वर्षी जून महिन्यात एका रात्री तो ट्रिंग येथील नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या पक्षिसंग्रहात खिडकी फोडून शिरला आणि २९९ पक्ष्यांची जतन केलेली कातडी सुटकेसमध्ये भरून घेऊन गेला. उत्क्रांतीच्या सिद्धांताचा सहशोधक आल्फ्रेड रसेल वॉलेस याने जमवलेले पक्षीही त्यांत होते. चोरीचा सुगावा लागायला महिना गेला, तोवर पिसे विकली जाऊ लागली होती. २०११ मध्ये त्याला स्थगित कारावासाची शिक्षा झाली. बरीच कातडी परत मिळाली, पण अनेकांवरच्या चिठ्ठ्या काढून टाकलेल्या होत्या आणि काही कायमची गेली.

चिठ्ठी गेली तर काय बिघडले? पक्षी कोणत्या दिवशी, कोणत्या ठिकाणी मिळाला हे त्या चिठ्ठीवर असते. त्या माहितीसह जतन केलेल्या जुन्या समुद्रपक्ष्यांच्या पिसांवरूनच समुद्रातला पारा गेल्या दीडशे वर्षांत कसा वाढला, हे शास्त्रज्ञांना मोजता आले. संग्रहातल्या जुन्या अंड्यांच्या कवचांशी तुलना केल्यावर डीडीटीमुळे कवचे पातळ झाल्याचे उघड झाले. माणसाच्या अन्नात काय शिरते आहे, याचा इशारा त्यातून मिळाला. तारीख आणि ठिकाण हरवलेले पीस फक्त सुंदर उरते. ते साक्ष देऊ शकत नाही.

या गोष्टीचा एक धागा महाराष्ट्रापर्यंत येतो. क्लासिक गळांच्या बाजूला डोळ्यासारखे दिसणारे जे पीस बांधतात, ते राखी रानकोंबड्याच्या मानेवरचे. लाखेचा थेंब ठेवावा तसा त्यावर चकचकीत पिवळसर ठिपका असतो. हा पक्षी भारताबाहेर निसर्गात कुठेही आढळत नाही. सह्याद्रीच्या जंगलात पहाटे त्याची बांग ऐकू येते. गळांसाठी त्याची पिसे एके काळी भारतातून बाहेर जात. आज भारतात त्याला वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच आहे आणि परदेशातले छांदिष्ट बंदिस्त वाढवलेल्या पक्ष्यांची पिसे वापरतात.

दुर्मीळ पिसांवाचून काही अडतही नाही. बहुतेक शिक्षक नवशिक्याला कोंबडी, टर्की आणि बदकाची रंगवलेली पिसे देतात. पंख जुळवण्याची रीत तीच, दोऱ्याचा ताण तोच, चुका त्याच. सॅल्मनला फरक कळत नाही आणि शिकणाऱ्या बोटांनाही नाही. मेगन बॉइड यांच्यासारखेच त्यांनाही एक जुना गळ, थोडा दोरा आणि पुन्हा उसवण्याची तयारी पुरते.